पालथा कागद

नांदूरघाटच्या बसथांब्यासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पंचवीसेक वर्षं झाली. या दुकानात मी एकच नियम केला आणि आजवर पाळला: समोरच्याचा कागद वाचायचा नाही. या वर्षी माझा मित्र गेला, आणि तो गेल्यावर या नियमाबद्दल मला पहिल्यांदा शंका आली. नियम बरोबर होता की चूक, हे लिहून पाहिल्याशिवाय मला उमगणार नाही. बोलण्यात मी मंद आहे, लिहिताना जरा बरा. म्हणून संपादकांनी दुकानातल्या गमतीजमती लिहा म्हटल्यावर मी हो म्हणालो. गमती पुष्कळ आहेत. त्यातल्या बऱ्याच या मित्राच्याच आहेत.

आधी धंदा सांगतो. बाहेरच्याला वाटतं, कागद ठेवायचा, बटण दाबायचं, झालं. तसंच आहे. पण एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. झेरॉक्सच्या काचेवर कागद पालथा ठेवावा लागतो. छपाईच्या यंत्रातून कागद बाहेर येतो तोही पालथाच. म्हणजे माणसानं स्वतःहून उलटून पाहिलं नाही, तर दिवसभर शेकडो कागद हातातून जाऊनही एक अक्षर डोळ्यांखालून जात नाही. यंत्र बनवणाऱ्यानं ही सोय मुद्दाम केली नसेल. मला मात्र ती सभ्यतेची वाटत आली आहे.

सुरुवातीला मी वाचायचो. मराठी घेऊन एम. ए. झालेलो, शिक्षकाची नोकरी न लागलेली, आणि छापलेलं काहीही दिसलं की वाचायची खोड. त्या खोडीपायी एका मुलीचं वर्ष गेलं. आमच्या गल्लीतल्या दगडूभाऊंची सुनीता एकदा अर्जाच्या प्रती काढायला आली. मी वाचलं: पुण्याला नर्सिंगचा कोर्स. मला फार आनंद झाला. संध्याकाळी रशीदभाईंच्या हॉटेलात दगडूभाऊ चहा पीत बसले होते. मी चार माणसांत म्हणालो, "दगडूभाऊ, अभिनंदन! पोरगी पुण्याला निघाली म्हणायची."

दगडूभाऊंची बशी ओठांपाशीच थांबली. त्यांना काही माहीत नव्हतं. माय-लेकींनी मिळून ठरवलं होतं, आणि नंबर लागल्यावर हळूच सांगू म्हणून त्या थांबल्या होत्या. मी भर हॉटेलात सांगून मोकळा झालो. त्या वर्षी सुनीता गेली नाही. पुढच्या वर्षी गेली, ती आईनं अन्नपाणी सोडल्यावर. आज ती मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, आणि दगडूभाऊच ते गावभर सांगत फिरतात. पण सुनीता सुट्टीत आली की दुकानाच्या पायरीवरून विचारते, "काका, आता तरी न वाचता देता का?" हसत विचारते, तरी मला ते लागतं. नियम तेव्हापासूनचा.

माझा मित्र मन्मथ. गाव त्याला आप्पा म्हणायचं, मीही. मूळचा चकलांब्याचा. वडलांच्या भुसार दुकानात मन रमेना, म्हणून सासुरवाडीला, म्हणजे आमच्या गावी येऊन त्यानं माझ्या समोर, रस्त्यापलीकडे, घड्याळ-रेडिओ दुरुस्तीची टपरी टाकली. पुढे मोबाईल आले तसा तो मोबाईल दुरुस्त करू लागला. घरजावई म्हणून चिडवलं की म्हणायचा, "जावई तर जावई. कावून लाजू? समद्या गावाला ठावं हाय." मला तो मास्तर म्हणायचा. मी एक दिवसही कुठे शिकवलं नाही, पण त्याच्या मते माझं तोंडच मास्तरचं होतं.

आमची ओळख भज्यांवरून झाली. त्या काळी बिघडलेल्या प्रती मी रद्दीत घालत असे. एका दुपारी आप्पा हातात भज्यांचा पुडा घेऊन रस्ता ओलांडून आला. रशीदभाईंनी भजी ज्या कागदात बांधली होती तो कागद त्यानं माझ्यासमोर पसरला. तेलानं पारदर्शक झालेला. वर त्याचंच नाव. आठवड्यापूर्वी माझ्याकडे काढलेल्या त्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेची तिरकी गेलेली प्रत होती ती. गणितात काठावर पास.

मी माफी मागू लागलो, तर हा हसून हसून खाली बसला. "अबे मास्तर, लई झाक! माझे मार्क पैल्यांदा कुणाच्या कामाला आले!" आणि तो कागद त्यानं आपल्या टपरीत गिऱ्हाइकाला दिसेल असा चिकटवला. तेलाच्या डागासकट. अखेरपर्यंत तो तिथेच होता.

मी त्या दिवसापासून पाण्याची बादली ठेवली. बिघडलेली प्रत फाडायची, बादलीत टाकायची, संध्याकाळी लगदा झाला की तो उकिरड्यावर. आप्पा त्या बादलीला माझं देवघर म्हणायचा.

त्याच्या टपरीची तऱ्हा अगदी उलटी. मोबाईल दुरुस्तीला दिला की तो उघडून पाहावा लागतो, म्हणून गिऱ्हाईक आपलं कुलूप सांगून जातं. हे कुलूप म्हणजे पडद्यावरचे नऊ ठिपके आणि त्यांवरून बोटानं ओढायची रेघ. दुकानदार मोबाईलच्या पाठीला चिठ्ठी लावतो, तिच्यावर नाव आणि ती रेघ काढून ठेवतो. आप्पा ते मोबाईल समोरच्या फळीवर ओळीनं मांडायचा, पाठ गिऱ्हाइकाकडे करून. अख्ख्या गावाची कुलपं किल्ल्यांसकट मांडलेली.

मी म्हटलं, "अरे, निदान आतल्या फळीवर तरी ठेव."

"कावून? अर्ध्या गावाची रेघ एकच हाय. उभी काढायची, खाली आडवी काढायची. एल. दुसरी कुणाला येतच न्हाई. झाकून काय करू?"

पण आमचं खरं भांडण ओटीपीवरून. शिष्यवृत्ती, पीकविमा, रेशन, दाखला, काहीही करायचं म्हटलं की मोबाईलवर आकडे येतात, आणि ते मला इकडे संगणकात भरावे लागतात. सुरुवातीला गावात फोन थोडे. ज्याच्याकडे होता त्याचा नंबर महिन्याला बदलायचा. मग लोकांनी स्वतःच तोड काढली. अर्ज भरताना मी विचारायचो, "मोबाईल नंबर?" समोरचा म्हणायचा, "आप्पाचा टाका की." आप्पाचा नंबर कधी बदलत नसे, दुकान कधी बंद नसे, आणि तो कुणाला नाही म्हणत नसे. माझ्या अंदाजानं पाऊण गल्लीचा सरकारदरबारचा नंबर आप्पाचा होता.

मग रोजचा देखावा असा. माझ्याकडे पार्वताबाई रेशनच्या कामाला बसलेल्या. मी दारात येऊन हात वर करायचो. पलीकडून आप्पा मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून उभा राहायचा आणि अख्ख्या थांब्याला ऐकू जाईल असा ओरडायचा:

"मास्तर, पार्वताबाईचा आला! लिवून घे. 'हा क्रमांक कुणालाही सांगू नका' म्हणतंय. ऐका समद्यांनी! चार, नऊ, शून्य..."

रशीदभाईंच्या हॉटेलातून कुणीतरी पुढचा आकडा म्हणायचं, बसमधला कंडक्टर विचारायचा, "शून्य एक का दोन?" पार्वताबाईंना फार मान वाटायचा. गावात आपलं नाव असं पुकारलं जातंय म्हणून त्या पदर सारखा करून बसायच्या.

मी रागावून रस्ता ओलांडायचो. "आप्पा, हे बरं नाही. चिठ्ठीवर लिहून देत जा."

"चिठ्ठी आणून देईस्तवर आकडा मरतो बे. अन् ऐकलं कुणी तर काय करल? पार्वताबाईची साखर उचलंल?"

"उद्या कुणी बाहेरचा येईल. त्याला एवढी माहिती पुरेल."

"बाहेरचा आला तर पयला चहा पितो. रशीदभाई त्याचं गाव, कूळ, सोयरे समदं काढून घेतात. त्याचंच कायी राहत न्हाई गुपित."

त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. तो म्हणायचा, गावात कुणाच्या घरी कोणती भाजी शिजली ते वासानं कळतं, तिथे कागद झाकून काय उपयोग. मी म्हणायचो, वास संध्याकाळपर्यंत विरतो, कागद विरत नाही. आणि मोबाईलमधलं तर पाण्यात भिजवूनही जात नाही. यावर तो माझ्या बादलीकडे बघून हात जोडायचा.

एकदा मात्र भांडण वेगळंच झालं. गावातल्या एका गुरुजींना मोठा आजार झाला होता आणि घरच्यांनी तो लपवला होता. ते गेल्यावर सगळ्यांना कळलं. आप्पा त्या दिवशी फार चिडला होता. "कळलं असतं तर चार मान्सं गाडी घेऊन धावली असती का न्हाई? आजार काय झाकायची गोष्ट हाय का? तुझ्याकडंच रिपोर्टची झेरॉक्स काढली असंल त्यांनी. तू वाचलं असतंस तर?"

"वाचलं असतं तरी बोललो नसतो. ज्याचं त्यानं सांगावं."

"अन् त्याला सांगता येत नसंल तर?"

मी यंत्रात नवे कागद भरू लागलो. तो बोलतच राहिला.

नंतर वर्षभरानं आप्पा दुपारच्या सामसुमीत दुकानात यायला लागला. "मामाचे कागद हायेत. लातूरच्या दवाखान्यातून मोबाईलवर आलेत. काढ." मामा गेवराईकडे असतात, म्हातारे आहेत, त्यांचं कुणी बघणारं नाही, असं त्यानं सांगितलं. मी फाईल न उघडता थेट छापायला देत असे. तीही माझी रीत. पडद्यावर फाईलचं नाव तेवढं दिसायचं: नुसते आकडे, शेवटी सात-सात-तीन. कागद पालथे बाहेर यायचे. मी ते पालथेच जुळवायचो, जुन्या दिनदर्शिकेच्या पानात गुंडाळायचो आणि द्यायचो. तीन आठवड्यांनी पुन्हा. असं आठ महिने चाललं.

एकदा मी विचारलं, "मामा कसे आहेत?"

"मामा? लई चिवट हाय गडी. डॉक्टरला म्हणतो, सुई हळू टोच, मी काय मोबाईल हाय का?"

मी हसलो. मामा मला आवडायला लागले होते. पुढच्या खेपेला त्यानं सांगितलं की मामाची भजी बंद झाली आणि मामा त्यावर डॉक्टरांशी भांडले. त्याच सुमारास आप्पानंही भजी सोडली होती. पोट धरतं म्हणाला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पुस्तकात एवढं दोन पानांच्या अंतरानं आलं असतं तर मी लगेच पेन्सिलीनं खूण केली असती.

पोळ्याच्या आधी आप्पा गेला. लातूरहून त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि त्याचे मेव्हणे त्याला घेऊन आले. गाव सुन्न झालं. कुणाला काही कळलंच नव्हतं. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्याला मांडी घालून, कपाळाला विभूती लावून, बसवूनच मातीत ठेवलं. टपरीत बसायचा तसाच बसला होता. मला उगीच वाटलं, आता हात वर केला तर आकडे सांगेल.

पंधरा दिवसांनी वहिनींनी त्याचा मोबाईल माझ्याकडे पाठवला. निरोप होता: गावाचे आकडे ह्याच्यावर येतात, भाऊजींकडे राहू द्या. मोबाईलला कुलूप नव्हतं. अर्थात. आत सगळं होतं: त्याची छायाचित्रं, त्याचे आवाज, कुणाकुणाशी केलेल्या गप्पा. मी तो पालथा ठेवला. सिमकार्ड तेवढं काढून एका जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं आणि मोठा मोबाईल वहिनींना परत पाठवला. दुसऱ्याच दिवशी पार्वताबाईंचा ओटीपी आला. मी तो त्यांच्या कानाशी हळूच सांगितला. त्या म्हणाल्या, "असा कसा चोरावानी सांगतूस रे?"

मग एका सकाळी त्या फोनवर आणखी एक संदेश आला. ओटीपी असेल म्हणून मी वाचला. एवढा एकच कागद मी आयुष्यात नियम मोडून वाचला म्हणायचा. लातूरच्या दवाखान्याचा होता. श्री. मन्मथ, आपल्या पुढच्या उपचाराची तारीख जवळ आली आहे. खाली रुग्ण क्रमांक. शेवटी सात-सात-तीन.

दुकान उघडं टाकून मी वहिनींकडे गेलो. त्या अंगणात लसूण सोलत होत्या. मी विचारलं, "वहिनी, आप्पाचे गेवराईचे मामा..."

"मामा?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "भाऊजी, त्यांना मामाच न्हवता. आमच्या सासूबाई एकुलत्या."

एवढ्या वर्षांच्या मैत्रीत मला हेही ठाऊक नव्हतं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. वहिनी हसल्या आणि मग डोळे पुसले, लसणाच्या हातानंच, त्यामुळे आणखी पाणी आलं.

"म्या लई डाव म्हणलं, बाकी कुणाला न्हाई तर मास्तर भाऊजींला तरी सांगा. तर म्हणाले, आख्ख्या गावात एकच माणूस कागद न वाचता देतो, त्याला तरी निवांत राहू दे."

"पण वहिनी, तोच तर म्हणायचा, आजार झाकू नये."

"म्याबी तेच म्हणलं. तर म्हणाले, मास्तरला कळलं की तो माझ्याशी भांडायचा बंद होईल. समदे हळू बोलाया लागतील. तो तर आधीच हळू बोलतो. निस्तं भांडताना तेवढा आवाज निघतो त्याचा."

मी घरी न जाता दुकानात आलो आणि बराच वेळ यंत्राची काच पुसत बसलो. मी एकदा कागद उलटून पाहिला असता, तर आठ महिने लातूरच्या बसमध्ये त्याच्या शेजारी बसलो असतो. हे माझ्या मनातून जात नाही. आणि पाहिला असता, तर तो माझ्याकडे आलाच नसता. केजला जाऊन कुणा अनोळखी दुकानात कागद काढले असते, आणि मामांचे किस्से कुणालाच ऐकायला मिळाले नसते. दोन्ही खरं आहे. त्याचं उत्तर तो असता तर लगेच दिलं असतं, आणि मी ते मान्य केलं नसतं.

मी आता एकेकाचा नंबर बदलून त्याचा स्वतःचा टाकून देतो आहे. बरेच झाले. काही जण नको म्हणतात. पार्वताबाई तर ठाम आहेत: "राहू दे आप्पाचाच. तेवढंच नाव." तेव्हा बटणांचा फोन चालू ठेवला आहे. आणि हो, त्यांचे आकडे मी आता दारात उभा राहून सांगतो, जमेल तेवढ्या मोठ्यानं. रशीदभाई म्हणतात, ऐकू येत नाही, पण प्रयत्न चांगला आहे.

राहिला नियम. गेल्या आठवड्यात दुपारी एक गृहस्थ आले. शेजारच्या वाडीचे, तोंडओळखीचे. "मेव्हण्याचे कागद हायेत, लातूरच्या दवाखान्याचे. दोन-दोन काढा." मी कागद घेतले, काचेवर पालथे ठेवले, प्रती काढल्या, पालथ्याच जुळवल्या. दिनदर्शिकेच्या पानात गुंडाळताना विचारलं, "मेव्हणे जेवतात का नीट?"

"जेवतो की." ते थांबले. "भाकर जात न्हाई म्हणतो. कुस्करून दुधात घेतो."

"लातूरला सोबत कोण असतं त्यांच्या?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. समोर आप्पाच्या टपरीचं शटर खाली होतं.

"कुणी न्हाई," ते म्हणाले. "एकलाच जातो."

मी गुंडाळी त्यांच्या हातात दिली, गल्ल्यामागचं स्टूल उचलून पुढे आणलं आणि दारात जाऊन ओरडलो, "रशीदभाई, दोन चहा!" या खेपेला ऐकू गेलं.

"बसा," मी म्हणालो. "मेव्हण्यांची पुढची तारीख कधी आहे? मलाही लातूरला काम असतं."